स्टुडिओत जाण्याआधी कागद वाचा

कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेळ्यांना चारा टाकून आत्ताच टेकला असाल. आज कर्जाच्या हप्त्याचं काही बोलणार नाही. आज गाण्याबद्दल बोलायचंय, आणि गाण्याच्या कागदाबद्दल.

आमच्या गटातल्या सात जणी भजनी मंडळात आहेत. जात्यावरच्या ओव्याही येतात. तीन वर्षांपूर्वी तालुक्याहून एक जण आला आणि म्हणाला, तुमच्या ओव्या रेकॉर्ड करतो, तुमचा एक पैसा लागणार नाही. फुकट म्हटल्यावर आम्ही जीप करून गेलो. ओव्या झाल्या, चहा झाला, आणि निघताना एका कागदावर पाच सह्या आणि दोन अंगठे झाले. आमच्यात एक बीए झालेली आहे, तिनंही तो वाचला नाही. ती म्हणजे आत्ता तुमच्याशी बोलतेय तीच.

महिन्याभरात ओव्या त्याच्या यूट्यूब चॅनेलवर आल्या. वर कुठल्याशा मॉडेलचा फोटो. आमच्यातल्या एकीचंही नाव नाही, गावाचंही नाही. आम्ही तीच ओवी आमच्या चॅनेलवर टाकली, तर दुसऱ्याच दिवशी सूचना आली, की ह्या रेकॉर्डिंगवर दुसऱ्याचा हक्क आहे आणि जाहिरातीचे पैसे त्याला जातील. तक्रार करता येत होती, पण सह्या आमच्याच होत्या. त्या सातांतल्या सर्वांत मोठ्या मावशी गेल्या चैत्रात वारल्या. त्यांच्या आवाजातली ती एकच रेकॉर्डिंग आहे, आणि ती आमची नाही. नात ऐकायला मागते तेव्हा आधी जाहिरात लागते.

त्यानंतर आम्ही जरा शोधाशोध केली. जुनी ओवी, आजीकडून आईकडे आलेली, ती कुणा एकाच्या मालकीची नसते. पण तिचं रेकॉर्डिंग ही वेगळी वस्तू आहे. त्याचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे पुढाकार घेऊन जबाबदारी उचलणाऱ्याचा. प्रसिद्ध झाल्यावर तो 60 वर्षं चालतो. गाणारीलाही तिचा हक्क असतो, तो 50 वर्षांचा, आणि आपलं नाव लागावं असं म्हणण्याचाही हक्क आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हे आहे. हक्क द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. किती वर्षांसाठी ते कागदावर लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरता. म्हणून तर समोरचा 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' असं आवर्जून लिहितो. हे तीन शब्द दिसले की पेन खाली ठेवा. घरी आणून चार जणींत वाचा. वाचायला वेळ देत नसेल तर तिथंच समजा.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो, ह्यावेळी आमच्या पैशानं. तासाला सहाशे रुपये, चार तास. पावती गटाच्या नावानं घेतली, आणि 'रेकॉर्डिंग गटाचं आहे' असं दोन ओळींत लिहून मालकाची सही घेतली. तो हसला, पण सही केली.

स्टुडिओत घड्याळ फिरतं, म्हणून पट्टी घरीच ठरवा. आमचा पहिला पाऊण तास 'काळी चार की काळी पाच' ह्यातच गेला, म्हणजे साडेचारशे रुपये गेले. काचेच्या बांगड्या काढून ठेवा, माइक सगळं पकडतो. शब्दांचा कागद हातात धरू नका, सळसळ येते. टाळ तर आवाजाला खाऊनच टाकतो, तो वेगळा रेकॉर्ड करायला सांगा. भजन चढत जातं तशी आपली लय वाढते, ती मंदिरात छान वाटते, पण मागून ढोलकी जोडायची असेल तर घोळ होतो. हेडफोन एकाच कानाला लावला तरी चालतो, दुसऱ्या कानानं शेजारणीचा सूर ऐकू येतो.

ओवीचं मात्र निराळंच. जात्याशिवाय एकीलाही सुचेना. शेवटी एकीनं स्टुलावर पालथी परात ठेवली आणि तिच्यावर हात फिरवत गायली, तेव्हा कुठं ओवी आली. जात्याची घरघर आम्ही नंतर घरी पहाटे मोबाइलवर घेतली. पंखा बंद, भिंतींना गोधड्या टांगल्या, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब. खरं सांगायचं तर ते स्टुडिओपेक्षा बरं आलं. निघताना मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्यायला विसरू नका. तिला वेव्ह फाइल म्हणतात. एमपी थ्री ही तिची आटवलेली नक्कल असते. दोन ठिकाणी ठेवा.

आता पैशाचं. यूट्यूबच्या जाहिरातीवर संसार चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. त्याला आधी हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघणं लागतं. आमची कमाई हळदीच्या गाण्यांची आणि नवरात्रातल्या भजनांची. बिदागी आधी बोलायची, अर्धी आगाऊ घ्यायची, जाण्या-येण्याचा खर्च वेगळा. वाटणी कशी, हे बैठकीच्या वहीत लिहून ठेवलंय, ढोलकीवालीला किती हेसुद्धा. ज्या मैत्रिणी स्वतः गाणी रचतात त्यांनी आयपीआरएस ह्या संस्थेची माहिती घ्यावी. ती 1969 पासून कवी-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. आकाशवाणीत लोकसंगीताची आवाजचाचणी होते, तिचीही केंद्रावर चौकशी करा.

आणि नावाचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ ह्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या आता 'पारी'च्या संकेतस्थळावर येतात. तिथं ओवीखाली गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. म्हणून आता आमच्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला एक जण सातही नावं बोलते. मावशींचंही.

करारनाम्याचा साधा मराठी नमुना आमच्याकडे आहे. तुमच्या गटाला हवा असेल तर महिन्याच्या बैठकीला या, झेरॉक्सचे दोन रुपये आणा. आणि कुणी सही करून बसली असेल तर तो कागद लपवू नका, घेऊन या. तारीख आणि मुदत आपण मिळून बघू.