पख्तून स्त्रियांचा टप्पा

अफगाण म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो उंचापुरा पठाण. पाठीवर हिंगाचे गाठोडे आणि वसुलीला अत्यंत कठोर! ‘पठाणी व्याज’ हा शब्द तर मराठीत घरचाच होऊन बसला आहे. रवींद्रनाथांनी १८९२ साली ‘काबुलीवाला’ लिहिली आणि त्या राकट अंगरख्याआड एक बाप आहे हे दाखविले. पण त्या बापाच्या मागे घरी राहिलेल्या बाईचे काय? तिचे मन तिच्याच शब्दांत ऐकावयाचे असेल तर टप्प्याकडे वळावे लागते.

आपल्या मैफलीत गातात त्या पंजाबी वळणाच्या टप्प्याशी याची गल्लत करू नये. पश्तू टप्पा म्हणजे केवळ दोन ओळी. पहिलीत नऊ अक्षरे, दुसरीत तेरा. यमकाची सक्ती नाही. त्याचे दुसरे नाव ‘लंडै’. या शब्दाचा अर्थ आखूड, आणि आखूड विषारी सापालाही तेच नाव आहे. ते किती सार्थ आहे पाहा! वडिलांनी ज्याच्याशी गाठ बांधून दिली त्या म्हाताऱ्या नवऱ्याची टर, दूरदेशी गेलेल्या प्रियकराची ओढ, रणातून पाठ दाखवून आलेल्याचा धिक्कार, हे सारे त्या बावीस अक्षरांत बसते. चार माणसांत जे बोलले तर जीवावर बेतेल ते लग्नघरी, डफाच्या तालावर, बायकांच्या घोळक्यात गाऊन होते. पाणवठ्याला पश्तूत ‘गुदर’ म्हणतात. घरातून एकटीने बाहेर पडण्याची ती एक हक्काची जागा, म्हणून गाण्यांतही ती वारंवार येते.

मराठी श्रोत्यांना येथे जात्यावरची ओवी आठवल्यावाचून राहणार नाही. दोन्हींची कर्ती अनाम. मात्र आपली ओवी बहुधा माहेर, भाऊ आणि विठोबा यांच्याभोवती घुटमळते. टप्पा अधिक धीट आहे, कधी कधी बेबंदही.

काबूल विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकविणारे सय्यद बहाउद्दीन मजरूह यांनी हे टप्पे गोळा केले. सोविएत फौजा देशात शिरल्यावर ते पेशावरला गेले आणि तेथेच फेब्रुवारी १९८८ मध्ये मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. गीते जमविणाऱ्याचा हा शेवट मनाला चटका लावतो.

अफगाण स्त्रीचा आवाज नेहमीच भिंतींआड होता असेही नाही. परवीन नावाच्या गायिकेचे गाणे १९५१ साली काबूलच्या नभोवाणीवरून प्रथम ऐकू आले आणि पुढे अनेकजणी त्या वाटेने गेल्या. २०२१ च्या ऑगस्टात तालिबानांची सत्ता परतली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या कायद्याने स्त्रीचा आवाजही झाकण्याच्या वस्तूंत गणला. समुदायासमोर तिने गाणे वा मोठ्याने वाचणे निषिद्ध झाले.

टप्प्याला व्यासपीठ लागत नाही, कागदही लागत नाही. दोन श्वासांत तो म्हणून होतो, आणि तो कोणी रचला हे विचारण्याची रीत पूर्वीपासूनच नाही.