दात दाखवताना वजनही करू या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवात बोलायचं म्हणजे जुन्या आठवणी सांगायच्या, असा रिवाज आहे. पाण्याचे टँकर, पहिला गणपती, पार्किंगची भांडणं हे सगळं इतर वक्ते सांगतीलच. मी पुढच्या वर्षीच्या एका लहानशा कामाविषयी बोलणार आहे. आपल्याकडे दरवर्षी मुलांची दंततपासणी होते. त्याच दिवशी प्रत्येक मुलाची उंची आणि वजनही मोजावं, अशी सूचना मी कार्यकारिणीला दिली आहे. काही पालकांना ती आवडली नाही. "दात बघायला बोलावता, मग वजन कशाला?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायला हवं.

मी डॉक्टर नाही. माझं आयुष्य बँकेत आकडे तपासण्यात गेलं. त्यामुळे मी जे वाचलं आणि डॉक्टर मंडळींकडून समजून घेतलं, तेवढंच सांगतो.

बाळ लहान असतं तेव्हा लसीच्या निमित्तानं त्याचं वजन होतं, कार्डावर लिहिलं जातं. पाचव्या वर्षीचा डोस झाला की ते कार्ड कपाटात जातं. मग ताप-खोकला झाला तरच डॉक्टर, आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष तापाकडे. नेमकं सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाचे दात पडू लागतात, मागे पहिली कायमची दाढ येते. तिथून बाराव्या वर्षापर्यंत तोंडात दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असतात. म्हणजे या वयात चांगलं धडधाकट मूलसुद्धा दातांच्या डॉक्टरकडे जातं. वजन हळूहळू चढायला लागण्याचं वयही हेच. शिवाय मुलांना भूल किंवा औषध द्यायचं तर त्याचं प्रमाण वजनावरूनच ठरतं. तेव्हा दवाखान्यात वजनकाटा असणं यात नवल काही नाही.

आणखी एक गोष्ट. खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या मुलाची मान डॉक्टरांना स्पष्ट दिसते. काही मुलांच्या मानेवर काळपट, जाडसर पट्टा असतो. आई बिचारी तो मळ समजून घासत राहते, पण तो जात नाही. वजन जास्त असलेल्या मुलात तो बऱ्याचदा शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं.

आता दात आणि वजन यांचा संबंध. दोघांचा एक समान शत्रू म्हणजे साखर. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचं वरचं कवच विरघळवतं. दिवसातून किती वेळा गोड तोंडात गेलं, यावर दात किडणं बरंच अवलंबून असतं. तीच साखर पोटात गेली की जादा उष्मांक होऊन साठते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर, तसंच मध आणि फळांच्या रसातली साखर, दिवसभराच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या खाली आणता आली तर अधिक चांगलं. २००० उष्मांक घेणाऱ्या मोठ्या माणसासाठी १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, सुमारे बारा चमचे. लहान मुलाचा वाटा त्याहून कमी. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सात-आठ चमचे साखर असते. वर दोन बिस्किटांचे पुडे आणि आजोबांच्या खिशातलं चॉकलेट धरा. हिशेब तुम्हीच करा.

इंग्लंडमधलं उदाहरण बोलकं आहे. ब्रिटननं एप्रिल २०१८ पासून साखरयुक्त शीतपेयांवर कर लावला. कंपन्यांनी पेयांतली साखर कमी केली. पुढे केंब्रिजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध केले. कर आला नसता तर जे चित्र अपेक्षित होतं, त्याच्या तुलनेत किडीमुळे मुलांचे दात काढण्यासाठी रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी कमी आढळलं, आणि १०-११ वर्षांच्या मुलींमध्ये स्थूलतेचं प्रमाण ८ टक्क्यांनी कमी. मुलग्यांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

इथे एक गैरसमज नको. दात किडले म्हणजे मूल जाडच असेल, असं नाही. कुपोषित मुलांचेही दात किडतात. म्हणूनच काट्यावर सगळी मुलं उभी राहावीत. जास्त वजनाचं मूल कळेल, तसं कमी वजनाचंही कळेल.

"आमचा अंगानं भरलेला आहे, वाढत्या वयात उंचीत निघून जाईल," असं आम्ही आजी-आजोबा म्हणतो. पुष्कळ वेळा ते निघून जात नाही. नजरेनं अंदाज चुकतो, म्हणून तक्ता लागतो. याबाबत आपण भाग्यवान आहोत, कारण ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठीच्या तक्त्यांचं मोठं काम आपल्या पुण्यात झालं आहे. डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा त्यात प्रमुख वाटा आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं हे सुधारित तक्ते २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेहासारखे त्रास होतात, म्हणून त्यात जादा वजनाची रेषा मोठ्या माणसाच्या २५ ऐवजी २३ या बीएमआयशी जुळवून घेतली आहे.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. दहा वर्षांचा मुलगा ४० किलो आणि १ मीटर ४० सेंटीमीटर असेल तर उत्तर येतं २०.४. मोठ्या माणसाला हा आकडा उत्तम. दहा वर्षांच्या मुलाला मात्र तो जादा वजनाच्या रेषेवर नेतो. म्हणून मोबाइलवर मोठ्यांचं कोष्टक पाहून निर्धास्त होऊ नका.

"हे सरकारचं काम नाही का?" असंही कोणी म्हणेल. सरकार करतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातल्या पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी, अनुदानित शाळांत जाऊन मुलं तपासतात, दातही बघतात. पण आपल्या सोसायटीतली बहुतेक मुलं खासगी इंग्रजी शाळांत जातात, ती या तपासणीत येत नाहीत. आपल्याकडे आई-वडील दोघंही एमआयडीसीत नाहीतर चाकणला कामावर, त्यात शिफ्ट ड्युटी. मुलाला घेऊन खास वजन करायला कोण जाणार? म्हणून जिथे मूल आधीच येतं, तिथेच मोजमाप व्हावं.

आता खरी अडचण, मुलांना वाटणारी लाज. भोसरी पैलवानांचं गाव. कुस्तीआधी वजन होतं, गट ठरतो, कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. पण शाळेत 'जाड्या' म्हणून चिडवलं जाणाऱ्या मुलाचं दुःख वेगळं असतं आणि ते मनावर घेतलंच पाहिजे. म्हणून माझ्या सूचनेत पाच अटी आहेत.

एक, पालकांची लेखी संमती असेल तरच मोजायचं. दोन, वजन पडद्याआड करायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा नाही. तीन, नोंद बंद पाकिटात पालकांच्या हातात द्यायची. सोसायटीच्या दप्तरात किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही येणार नाही. चार, दातांच्या डॉक्टरांनी वजनावर उपचार सांगायचे नाहीत. गरज वाटली तर बालरोगतज्ज्ञांकडे जाण्याची चिठ्ठी द्यायची. पाच, कोणत्याही मुलाला त्याच्या शरीरावरून बोलायचं नाही, आम्ही ज्येष्ठांनी तर नाहीच.

पाकिटातला आकडा पाहून घाबरू नका. पासबुकातल्या एका नोंदीवरून खातं कळत नाही, वर्षभराच्या नोंदी पाहाव्या लागतात. तसंच हे. वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचं नसतं. वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली, तरी पुष्कळ साधतं. शीतपेयाऐवजी पाणी किंवा ताक, गोड खायचं ते जेवणासोबत, मध्ये मध्ये नाही, रात्री झोपण्यापूर्वी दात घासणं, आणि रोज तासभर घाम येईल असा खेळ. यातल्या शेवटच्या गोष्टीसाठी संध्याकाळी सहा ते सात पार्किंगमधला मोकळा पट्टा गाड्यांशिवाय ठेवता आला, तर माझी गाडी मी आधी हलवीन.

मे २०२५ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. शाळेतला फलक घरी कोण वाचून दाखवणार? ते आपलं काम.

पंचवीस वर्षांत आपण इमारतीला रंग दिला, टाक्या धुतल्या, लिफ्ट बदलल्या. वेळेवर तपासणी केली म्हणून मोठा खर्च टळला, हे खजिनदारांना विचारा. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ही सूचना मतदानाला येईल. विरोध असेल तरी जरूर या आणि बोला. अटींमध्ये काही राहिलं असेल तर त्यात भर घालू.