महापूर आणि आपली सज्जता

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पाऊस हा कृष्णाकाठचा पालनकर्ता आहे. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा, कराडला तिला भेटणारी कोयना, सांगलीजवळ हरिपूरला मिळणारी वारणा आणि नृसिंहवाडीला येऊन मिळणारी पंचगंगा यांच्या काठावर ऊस उभा राहिला, पेठा वसल्या, इचलकरंजीसारखी वस्त्रनगरी नावारूपाला आली. ज्या पाण्याने हे वैभव दिले, तेच पाणी चार दिवसांत ते धुऊन नेऊ शकते, याचा अनुभव या भागाने २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन वर्षी घेतला. अवघ्या सोळा वर्षांत तीन महापूर आले. तेव्हा महापूर हा आता आजोबांनी नातवाला सांगावयाचा प्रसंग राहिलेला नाही. तो प्रत्येक कुटुंबाने आपल्या हिशेबात धरावयाचा विषय झाला आहे.

पूर येतो कसा?

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस सपाटीवरील माणसाच्या कल्पनेपलीकडचा असतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वर येथे चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. हे पाणी प्रथम धरणे अडवितात. कोयनेची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी आणि वारणेची सुमारे ३४ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २,८०० कोटी लिटर पाणी. धरण रिकामे असेल तर ते पुराची धार बोथट करते. परंतु ऑगस्टच्या आरंभी धरणे भरत आलेली असताना पुन्हा मुसळधार पाऊस झाला, तर आलेले पाणी पुढे सोडण्यावाचून गत्यंतर नसते. त्यातच धरणाखालच्या मुलखात पडणारा पाऊस कोणत्याही दरवाजाने अडत नाही.

दुसरी गोष्ट नदीच्या स्वभावाची. घाट उतरून आलेली कृष्णा सांगलीच्या परिसरात संथ होते, वळणे घेते. नृसिंहवाडीला पंचगंगेचे पाणी स्वीकारण्यास ती भरलेली असेल, तर पंचगंगेला फुगवटा येतो आणि कोल्हापूरचे पाणी उतरावयाचे नाव घेत नाही. म्हणून येथील पूर डोंगरी ओढ्यासारखा तासाभरात येऊन जाणारा नसतो. तो पायरी पायरीने चढतो आणि दिवसेंदिवस मुक्काम ठोकतो. हे त्याचे क्रौर्य आहे, परंतु यातच एक सवलतही दडलेली आहे. तो येण्यापूर्वी काही तासांचा अवधी देतो. हा अवधी हेच आपले भांडवल होय आणि ते बसून खाण्याचे भांडवल नाही.

जुन्या खुणेवरचा विश्वास

सांगलीत कृष्णेची पातळी १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात आणि तेथे हे आकडे अनुक्रमे ३९ व ४३ फूट आहेत. २००५ साली सांगलीत पाणी सुमारे ५४ फुटांपर्यंत चढले. त्या पुरानंतर अनेक घरांच्या, दुकानांच्या भिंतींवर पाण्याची रेघ उमटून राहिली. काहींनी तर ती मुद्दाम रंगवून ठेवली. पुढे चौदा वर्षे ती रेघ हाच लोकांचा नियम झाला. माल ठेवावयाचा तो त्या रेघेच्या वर, घराचे जोते बांधावयाचे ते त्या रेघेच्या वर.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी वाढू लागले, तेव्हा असंख्य कुटुंबांनी आणि व्यापाऱ्यांनी प्रामाणिकपणे याच नियमाने तयारी केली. तागे वरच्या फळ्यांवर गेले, धान्याची पोती माळ्यावर गेली, वृद्ध माणसे म्हणाली, "२००५ ला पाणी उंबऱ्याशी थांबले होते, आता त्यापुढे येणार नाही." परंतु या वेळी आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांचे नुकसान झालेच, पण ज्यांनी कष्टाने माल रेघेच्या वीतभर वर रचला होता, त्यांचाही माल गेला. आणि ज्यांनी घर सोडले नव्हते, ते पहिल्या मजल्यावर, अंधारात, पाण्याने वेढलेले, बोटीची वाट पाहत बसले. पंचगंगेनेही त्या वर्षी ५५ फुटांची पातळी ओलांडली आणि २०२१ मध्ये ती त्याहूनही वर, ५६ फुटांपर्यंत पोहोचली.

यातून घ्यावयाचा पहिला धडा असा, की गेल्या पुराची खूण ही पुराने घालून घेतलेली मर्यादा नव्हे. ती केवळ एका वर्षाची नोंद आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा पूर आला की पुढची नव्व्याण्णव वर्षे निश्चिंती, असा अनेकजण लावतात. तो चुकीचा आहे. त्याचा अर्थ दरवर्षी शेकडा एक इतकी शक्यता. व्याजाच्या हिशेबाप्रमाणे हाही हिशेब वर्षानुवर्षे चढत जातो. ज्या पन्नास वर्षांचा सोहळा आपण साजरा करीत आहोत, तेवढ्या काळात लाल रेषेचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के आणि निळ्या रेषेचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के ठरते. इतकी जोखीम असलेल्या व्यवहारात कोणताही सुज्ञ व्यापारी तजविजीवाचून उतरणार नाही.

निघण्याची वेळ

महापुरात सर्वांत अवघड काम सामान हलविण्याचे नसून उंबरठा ओलांडण्याचे असते. घर सोडावयास मन धजत नाही. चोरीची भीती असते, गोठ्यातील जनावरांची काळजी असते, आजारी माणसाची अडचण असते, आणि "शेजारी अजून आहेत, मग आपणच का जावे?" हा संकोचही असतो. शेजाऱ्यांच्या मनातही नेमका हाच विचार चालू असतो.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना पुरातून बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे, त्यांत स्त्रिया व मुलेही, प्राणास मुकली. त्या घरांतील दुःखाविषयी दुरून बोलणेही जड वाटते. तरीही ती घटना विसरता कामा नये, कारण तिच्यातून एकच गोष्ट निःसंशय कळते. ज्या रस्त्याने माणूस आदल्या दिवशी पायी किंवा ट्रॅक्टरने जाऊ शकतो, त्याच रस्त्याने दुसऱ्या दिवशी त्याला जीव मुठीत धरून जावे लागते. पाणी दारात आल्यावर निघणे याला सुटका म्हणावे लागते. पाणी येण्यापूर्वी निघणे म्हणजे केवळ प्रवास होय. २०२१ मध्ये अनेक कुटुंबे जनावरांसह आधीच बाहेर पडली, ती याच कडू अनुभवाने.

म्हणून निघण्याचा निर्णय पावसाळ्यापूर्वीच, शांतपणे, घरातील सर्वांनी मिळून करून ठेवावा. नदीने इशारा पातळी गाठली की वृद्ध, गर्भवती, लहान मुले, रुग्ण आणि जनावरे हलवावयाची. धोका पातळीकडे पाणी सरकू लागले की उरलेल्यांनी निघावयाचे. आकडा ठरलेला असला म्हणजे त्या रात्री वाद होत नाही. कोणत्याही कारणाने जनावरे मागे राहणार असतील तर त्यांची दावी सोडून द्यावीत. बांधलेल्या मुक्या जिवाला पोहण्याचीही संधी मिळत नाही, आणि जीवदयेचा उच्चार करणाऱ्या घराला तरी हे सांगावे लागू नये.

हवामान खात्याचे इशारे रंगांत दिले जातात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे 'अत्यंत मुसळधार'. सांगली-कोल्हापूरकरांनी मात्र आपल्या गावच्या इशाऱ्याबरोबर घाटमाथ्याचा इशाराही पाहावा. गावात ऊन पडलेले असतानाही नदी चढू शकते. धरणातून किती क्युसेक पाणी सोडले याची अधिकृत माहिती ऐकावी. मोबाईलवर फिरणारी 'धरण फुटले' अशी वार्ता खातरजमेवाचून पुढे पाठविणे हे पापकर्मच समजावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन सेवेचा ११२ हे क्रमांक घरातील लहान मुलालाही पाठ असावेत.

घराची तयारी

एक पिशवी जून महिन्यातच भरून ठेवावी. तीत महत्त्वाच्या कागदपत्रांच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये बंद करून, नेहमीची औषधे किमान पंधरा दिवसांची, विजेरी, थोडी रोकड, मोबाईल चार्ज करण्याची बॅटरी, कोरडा खाऊ आणि पिण्याचे पाणी असावे. रोकड आवश्यक, कारण वीज गेली की एटीएम व मोबाईलचे व्यवहार दोन्ही बंद पडतात. पाण्याचे तर विशेषच. २०१९ मध्ये कोल्हापूर चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले असताना पाणीउपसा केंद्रेच बुडाल्यामुळे नळ कोरडे होते आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ काही दिवस पाण्याखाली होता. त्यामुळे दूध, भाजी आणि इंधन सारेच अडले.

घर सोडताना विजेचा मुख्य खटका बंद करावा, गॅसची टाकी बंद करून बांधून ठेवावी. वाहत्या पाण्यातून पायी किंवा वाहनाने जाऊ नये. जेमतेम अर्धा फूट वेगवान पाणी धडधाकट माणसाचा तोल घालविते, आणि दोन फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते.

पेढी आणि गोदाम

कापड ही पाण्यापुढे सर्वांत दुबळी वस्तू आहे. गाठ खालून भिजली तरी पाणी दोऱ्यादोऱ्याने वर चढते, एका ताग्याचा रंग दुसऱ्यावर उतरतो, दोन दिवसांत बुरशी धरते. सांगलीच्या कापड पेठेने, गणपती पेठेने आणि कोल्हापूरच्या शाहूपुरीने हे पाहिले आहे. तळघरात पावसाळ्यात माल ठेवू नये. जुलै-ऑगस्टमध्ये दिवाळीच्या खरेदीचा माल भरण्याची घाई असते. तो शक्य असल्यास नदीपासून दूरच्या गोदामात उतरवावा. हिशेबाची एक प्रत गावाबाहेर असावी.

विम्याचा कागद पूर येण्यापूर्वी वाचावा. वादळ व पुराचे संरक्षण त्यात समाविष्ट आहे की नाही, गोदामाचा पत्ता बरोबर आहे की नाही, हे पाहावे. हप्ता वाचविण्यासाठी वीस लाखांच्या मालाचा दहा लाखांचा विमा उतरविला आणि सहा लाखांचे नुकसान झाले, तर सर्वसाधारणपणे सरासरीच्या नियमाने तीनच लाख पदरी पडतात. नुकसान झाल्यावर विमा कंपनीला तत्काळ कळवावे, छायाचित्रे घ्यावीत आणि सर्वेक्षक येण्यापूर्वी भिजलेला माल टाकून देऊ नये. नष्ट झालेल्या मालावर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते, हेही ध्यानात असावे.

पाणी ओसरल्यावर

संकटाचा दुसरा अंक पाणी उतरल्यावर सुरू होतो. भिजलेल्या भिंती, गाळात लपलेले साप, ओल्या तारा आणि दूषित पाणी हे सारे माणसाच्या थकव्याची वाट पाहत असतात. इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. गाळ उपसताना बूट व हातमोजे घालावेत. पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, ताप आल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको. पाणी गाळून, उकळून प्यावे. जैन घरांना ही शिकवण नवीन नाही. या दिवसांत ती सर्वांपर्यंत पोहोचविली पाहिजे.

आणि एक जखम दिसत नाही. आयुष्यभर जमविलेले चिखलात पाहणाऱ्या माणसाला धान्याच्या पिशवीइतकीच जवळ बसणाऱ्या माणसाची गरज असते.

संस्थांचे कर्तव्य

पुराच्या दिवसांत मंगल कार्यालये, शाळा, मठ आणि समाजाची भवने निवाऱ्यासाठी उघडली गेली, जातपात न विचारता पंगती उठल्या. ही पुण्याई मोठी आहे. परंतु मदत बहुधा पाण्यानंतर पोहोचते, सज्जता पाण्याआधी असावी लागते. प्रत्येक गल्लीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, अपंगांची व रुग्णांची यादी मे महिन्यात करणे, त्यांना हलविण्यासाठी दोन तरुण व एक वाहन नेमून ठेवणे, भवनातील जनित्र व पाण्याची टाकी तपासणे, या कामांना मोठा निधी लागत नाही. थोडी आठवण आणि थोडी शिस्त लागते.

नदीला दोष देण्यात अर्थ नाही. ती आपल्या पात्रात येते, आणि त्या पात्रात कित्येक ठिकाणी आपणच जाऊन बसलो आहोत. भिंतीवरची जुनी रेघ पुसू नये, ती स्मरणासाठी असू द्यावी. मात्र तिच्याशेजारी, हातभर वर, आणखी एक रेघ प्रत्येकाने स्वतःच्या मनाशी ओढावी, आणि पाणी पहिल्या रेघेला पोहोचण्यापूर्वीच घरातील शेवटचा माणूस सुरक्षित जागी पोहोचलेला असावा. सुवर्ण महोत्सवी वर्षात एवढा संकल्प झाला, तरी पुढची पन्नास वर्षे त्याबद्दल कृतज्ञ राहतील.