गाडीतला पेट्रोलचा वास
(काल्हेर येथे गोदामांत काम करणाऱ्या, पाड्यांवरून आलेल्या साथींच्या बैठकीत केलेले भाषण)



आज वनहक्काच्या दाव्यांवर बोलायचं आहे. पण त्याआधी गाडीचं बोलतो. दाव्यांचं काय झालं ते विचारायला ठाण्याला जिल्हा कचेरीवर जायचं, तर आपल्याकडे ती एकच जुनी पेट्रोलची पिकअप आहे.

मागच्या खेपेला निघालो तेव्हा मागे बसलेल्या बाया म्हणाल्या, "वास येतोय, पोरांना मळमळतंय." आम्ही म्हटलं, जुनी गाडी आहे, वास येणारच. इथे काल्हेरला ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि एका आजाने बिडी काढली. शेजारच्या मावशीने काडीची पेटी हिसकावून घेतली, म्हणून वाचलो. चूक आमची होती. बायांचं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना शोधायला बसलो. गाडी उघड्यावर आणली, बॅटरीची वायर काढली, बिडी-काडी लांब ठेवली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, खाली साचते. म्हणून बंद शेडमध्ये हे काम करायचं नाही.

पहिल्यांदा टाकी बघितली. झाकण कधीच हरवलं होतं, तोंडात फडकं कोंबलेलं! नवं झाकण बसवलं. वास कमी झाला, पण गेला नाही. वनहक्काच्या दाव्याला एका पुराव्यावर भागत नाही, तसंच हे. एक कारण सापडलं म्हणून थांबायचं नाही.

मग रात्री गाडीखाली पुठ्ठे अंथरले. पेट्रोल लवकर उडून जातं, थेंब दिसत नाही, पण डाग राहतो. टाकीखालचा पुठ्ठा कोरडा होता, इंजिनच्या बाजूच्या पुठ्ठ्यावर डाग होता. डागाच्या वर बघितलं. सगळीकडे तेलकट धूळ आणि पेट्रोल पंपाजवळ तेवढी जागा धुतल्यासारखी स्वच्छ. तिथली रबरी नळी तडकलेली होती, वर तार गुंडाळलेली. ज्याने कोणी तार बांधली त्याने गळती झाकली, थांबवली नाही.

पेट्रोलचीच नळी आणून दोन्ही टोकांना क्लिप लावल्या. पाण्याची नळी चालत नाही, पेट्रोलने ती फुगते आणि फाटते. इंजिनच्या ऑइलची पट्टी काढून वास घेतला. ऑइलला पेट्रोलचा वास आला असता तर पंपाच्या आतला पडदा फाटला असं समजायचं, आणि गाडी चालू करायची नाही. कार्बोरेटरही बघितला. त्यातली सुई अडकली की पेट्रोल भरून वाहतं. तो ठीक होता.

आता ठरवू या. निघायच्या आधी एकाने वाकून खाली बघायचं. गाडीत बिडी नाही. वास आला म्हणून कोणीही ओरडलं, म्हातारी असो की पोर, तर गाडी थांबवून सगळ्यांनी उतरायचं. आणि हेही खरं, की मालाच्या गाडीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही. अपघात झाला तर भरपाईसाठी झगडत बसावं लागेल. म्हणून एस.टी. असेल तिथे एस.टी.नेच जायचं.

13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी जमीन कसतो, तिच्यासाठी आपण लढतोय. जमीन मिळेल तेव्हा ती कसायला माणसं जिवंत पाहिजेत.

आता दाव्यांकडे वळू. जिंदाबाद!