प्रकाशानं कॅन्सर मारता येतो का?

हेडफोन लावलेत ना? आज जरा अवघड जागेचं बोलायचंय. मूत्राशय, म्हणजे आपली लघवीची पिशवी.

या पिशवीचा कॅन्सर बऱ्याचदा आतल्या अस्तरापुरताच असतो. डॉक्टर दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात, पण ती पुन्हा पुन्हा उगवते. म्हणून पिशवीत बीसीजी सोडतात. हो, तीच टीबीची लस, जिचा व्रण आपल्या दंडावर असतो! हा उपाय 1976 साली कॅनडात मोरालेस यांनी मांडला. पण काहींना तो लागू पडत नाही. मग अख्खी पिशवी काढायचा सल्ला मिळतो. लघवीसाठी पोटावर थैली लावायची, किंवा आतड्याची नवी पिशवी करायची. विचार करा, किती मोठा निर्णय!

इथं प्रकाश मदतीला येऊ शकतो. याला म्हणतात फोटोडायनॅमिक थेरपी. आधी एक खास औषध द्यायचं. ते कॅन्सरच्या पेशींत जास्त साठतं. मग लघवीच्या मार्गानं बारीक फायबर घालून आत प्रकाश सोडायचा. औषध, प्रकाश आणि पेशीतला ऑक्सिजन, तिघं एकत्र आले की ऑक्सिजन खवळतो आणि पेशी आतून मरते. तिघांतला एक जरी नसला, तरी काम होत नाही.

गंमत म्हणजे लंडनमध्ये केली आणि स्नेल या डॉक्टरांनी मूत्राशयासाठी हे 1976 सालीच मांडलं होतं. 1993 मध्ये कॅनडानं फोटोफ्रिन या औषधाला मंजुरीही दिली. मग अडलं कुठं? औषध शिरेतून जायचं, अंगभर पसरायचं. पेशंटला कित्येक आठवडे उन्हापासून लपावं लागे. शिवाय लाल प्रकाश खोल स्नायूपर्यंत पोचायचा. काहींची पिशवी आकसून गेली.

आता रुथेनियम धातूपासून बनवलेलं औषध थेट पिशवीत सोडून, नंतर ते धुऊन, हिरवा प्रकाश देतात. हिरवा फार खोल जात नाही. कॅनडात याच्या चाचण्या बीसीजी न लागू पडलेल्या पेशंटवर झाल्यात. मला यात आशा दिसते, पण हा अजून सर्रास मिळणारा उपचार नाही. त्यामुळे 'लाइटनं कॅन्सर गायब' असा फॉरवर्ड आला, तर पुढे ढकलू नका.

आणि एक लक्षात ठेवा. लघवीत एकदाही रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, डॉक्टरकडे जा. लाजू नका. सिगारेट हे या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण आहे, तेव्हा ओढणाऱ्या मित्राला हा एपिसोड नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!