विचारायला भिऊ नये



पाहुणे यायच्या आधी आपण पिठाचा डबा पाहून ठेवतो. दवाखान्याचेही तसेच आहे. कोरोनाच्या साथीत, २१ एप्रिल २०२१ रोजी, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूची टाकी गळली. वीसहून अधिक रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली.

रुग्णालयाला मानांकन देताना अशा प्रसंगांची तयारी तपासतात. पण रंगीत तालीम एकदा करून भागत नाही. म्हणून मंडळाने दवाखान्यात जाऊन नम्रपणे विचारावे : प्राणवायू संपला तर दुसरी सोय कोणती? आग लागली तर खाटेवरच्या म्हातारीला कोण उचलणार?

कीर्तनात लोकांना प्रश्न विचारणाऱ्या गाडगेबाबांनी १९५६ साली आपल्या वलगावजवळच देह ठेवला. इथल्या बायांनी विचारायला भिऊ नये.