आइस्क्रीमचं यंत्र घ्यायचंय? आधी फ्रीजर मोजा

जबलपूरच्या ओमतीतून बोलतोय. इथे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो, आणि आमच्याकडच्या मराठी घरांत नागपूर-पुण्याहून नातवंडं यायची असतात. मग विचारणा सुरू होते, "घरी आइस्क्रीम करायला कोणतं मशीन घेऊ?" मी उलट विचारतो, "तुमचा फ्रिज कोणता?" लोकांना वाटतं, मी विषय टाळतोय.

तसं नाही. यंत्र फक्त ढवळतं. थंडी कुठून तरी आणावी लागते, आणि ती येते तीनच ठिकाणांहून: तुमच्या फ्रीजरमधून, बर्फ-मिठातून किंवा यंत्राच्या पोटातल्या कॉम्प्रेसरमधून. मोटर, बटणं, चमकणारे आकडे, हे सगळं नंतर.

दुकानात पटकन आवडतं ते दुहेरी भिंतीचं भांडं. आकाराने सुटसुटीत आणि कॉम्प्रेसरवाल्यापेक्षा बरंच स्वस्त. त्याच्या भिंतीत एक द्रव असतो. तो पूर्ण गोठण्यासाठी भांडं १२ ते २४ तास उणे १८ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. आता तुमचा एका दाराचा फ्रिज डोळ्यांसमोर आणा. वरचा कप्पा केवढा? त्यात बर्फाचा थर साचलेला, मटारची पिशवी, नारळाचा चव. भांडं उभं मावतच नाही! मावलं तरी तेवढी थंडी मिळेलच असं नाही. फ्रिजवरच्या स्टिकरचे तारे विजेच्या बचतीचे असतात, फ्रीजर किती गार होतो ते त्यावरून कळत नाही. म्हणून पैसे देण्याआधी टेपने कप्प्याची उंची मोजा. मग आइस्क्रीमचा एक कप रात्रभर आत ठेवा. सकाळी चमचा लोण्यात शिरावा तसा शिरला, तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही. आधीच घेऊन बसला असाल तर भांडं कानाशी धरून हलवा. आत डुचमळल्याचा आवाज आला, म्हणजे अजून गोठलेलं नाही.

दोन दारांचा, चांगला गारठणारा फ्रिज असेल तर मात्र हे भांडं बेलाशक घ्या. फक्त दीड लिटरच्या भांड्यात एक लिटरच मिश्रण घाला, कारण ढवळताना ते फुगतं. आणि एकदा वापरलं की दुसरी खेप दुसऱ्या दिवशी. घरात दहा माणसं असतील तर विचार करून ठेवा, निम्मी मुलं रुसतील.

आता आपला जुना पॉट. अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ साली हँडलच्या पॉटचं पेटंट घेतलं आणि घडण आजही जवळजवळ तीच आहे. बादली, आत धातूचा डबा, त्यात फिरणारं पातं. मला विचाराल तर ओमतीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, एका दाराच्या फ्रिजवर, वीज जायची भीती असताना हेच यंत्र शहाणपणाचं. मीठ घातलं की बर्फ शून्याच्या खाली वितळतो. मिठाचं प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास असेल तर हे तापमान उणे २१ पर्यंत उतरू शकतं. घरी तेवढं लागत नाही. पाच-सहा भाग ठेचलेला बर्फ आणि एक भाग जाडं मीठ पुरतं. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. पण मे महिन्यात त्यातली बरीच ओढ बाहेरच्या हवेवरच खर्च होते. म्हणून लिटरभर मिश्रणाला तीन-चार किलो बर्फ धरा, आणि बादलीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. बर्फाची लादी पिण्याच्या पाण्याचीच असेल याची खात्री नसते. म्हणून डब्याचं झाकण घट्ट हवं, आणि उघडण्याआधी ते कोरडं पुसायचं. हात दुखतात म्हणणाऱ्यांसाठी मोटरवाला पॉटही मिळतो.

कॉम्प्रेसरवालं यंत्र उत्तमच. लागोपाठ दोन-तीन खेपा निघतात, फ्रीजर अडत नाही. पण किंमत पाच आकडी, वजन भरपूर, ओट्यावरची कायमची जागा. महिन्यातून दोन-तीनदा करणार असाल तरच. वर्षातून चारदा करायचं असेल तर तेवढ्या पैशात नातवंडांना रोज बाहेरचं खाऊ घाला, मी काही बोलणार नाही.

यंत्र कोणतंही असो, मिश्रण आधी फ्रिजमध्ये चार-पाच तास गार करा. कोमट घातलंत तर बर्फाचे मोठे खडे होतात, जिभेला कचकच लागते. खडे होतात ते पाण्याचे, त्यामुळे पाणी कमी तेवढं बरं. आणि आमचं जबलपूर म्हणजे खव्याच्या जिलबीचं गाव! म्हशीच्या दाट दुधात थोडा चांगला खवा फेटून घाला, फरक कळेल. आंब्याचा रस घालणार असाल तर तो आधी आटवून घ्या.

घरचं आइस्क्रीम बाजारच्यापेक्षा घट्ट होतं, त्याला घाबरू नका. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे लिटरभर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं लागतं. म्हणजे त्यात हवा किती, बघा. आपल्या यंत्रात तेवढी हवा शिरत नाही. वाढण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवा.

आणि पॉट वापरलात तर त्याच दिवशी दातेरी चाकं साध्या पाण्याने धुऊन, पुसून ठेवा, मिठाने ती गंजतात. बादलीतलं खारं पाणी मोरीत ओता, तुळशीत नको.